दीर्घिकांची टक्कर आणि तारकागुच्छांचा जन्म : एका उपपत्तीचा इतिहास

१

एकाच गृहीतकापासून दोन अभ्यासकांनी निघावे, दोघांच्याही गणितात दोष नसावा, आणि तरीही त्यांचे निष्कर्ष परस्परांच्या अगदी विरुद्ध असावेत, असे प्रसंग विज्ञानाच्या इतिहासात अधूनमधून आढळतात. अशा प्रसंगी चूक कोणाची, हा प्रश्न फारसा उद्बोधक नसतो. गृहीतकाच्या पोटात कोणती अट न उच्चारता दडून राहिली होती, हा प्रश्न अधिक उद्बोधक होय. दीर्घिकांच्या टकरींविषयीच्या विचाराचा इतिहास हे ह्याचे एक उत्तम उदाहरण आहे. १९५१ साली असे प्रतिपादन झाले की, टक्कर दीर्घिकेला वंध्य करते. तिच्यात नवे तारे जन्मण्याची शक्यताच संपुष्टात येते. १९९५ साली असे दिसून आले की, टक्कर शेकडो तारकागुच्छांना जन्म देते. दोन्ही निष्कर्षांचे मूळ मात्र एकच होते: टकरीत तारे तारांवर आदळत नाहीत, आदळतो तो वायू. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत ह्या एका विधानाचा अर्थ कसा पालटत गेला, ह्याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

प्रथम हे मूळ विधान तपासून पाहू. सूर्याचा व्यास सुमारे १४ लक्ष किलोमीटर आहे आणि त्याला सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर, म्हणजे सूर्याच्या व्यासाच्या सुमारे तीन कोटी पट अंतरावर आहे. उलटपक्षी आपल्या आकाशगंगेचा व्यास सुमारे एक लक्ष प्रकाशवर्षे असून देवयानीतील मोठी दीर्घिका २५ लक्ष प्रकाशवर्षांवर, म्हणजे त्या व्यासाच्या केवळ पंचवीसपट अंतरावर आहे. तात्पर्य, दीर्घिकेच्या पोटात तारे अत्यंत विरळ आहेत. पण विश्वाच्या पोटात दीर्घिका तितक्या विरळ नाहीत. दीर्घिकांच्या भेटी घडणे अपरिहार्य आहे, आणि अशा भेटीत ताऱ्याने ताऱ्यावर आदळणे जवळजवळ अशक्य आहे. मात्र ताऱ्यांमधील अवकाशात पसरलेल्या वायूला अशी पळवाट नाही. दोन दीर्घिकांचे तारे एकमेकांतून पार निघून जातात. त्यांचे वायू एकमेकांसमोर अडतात.

२

टकरींचा पहिला पद्धतशीर प्रयोग संगणकयंत्रांच्या पूर्वीचा आहे. १९४१ साली स्वीडनमधील लुंड येथील एरिक होल्मबर्ग यांनी विजेच्या दिव्यांच्या साहाय्याने दीर्घिकांची भेट मेजावर घडवून आणली. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, आणि गुरुत्वाकर्षणही त्याच नियमाने घटते. ह्या साम्याचा उपयोग करून त्यांनी प्रत्येक दीर्घिकेसाठी ३७ दिवे मांडले, प्रत्येक दिव्याच्या जागी पडणारा प्रकाश प्रकाशविद्युत् घटाने मोजला, आणि त्यावरून प्रेरणा काढून दिवे पायरीपायरीने पुढे सरकविले. जवळून जाणाऱ्या दीर्घिका एकमेकींवर भरतीसारखा परिणाम करतात, त्यांच्या कक्षीय गतीची ऊर्जा त्यात खर्ची पडते, आणि त्यामुळे त्या एकमेकींच्या बंधनात सापडू शकतात, असे त्यांना आढळले. दोनच वर्षांनी, १९४३ साली, सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी गतिकीय घर्षणाचा सिद्धांत मांडला. ताऱ्यांच्या समुदायातून जाणाऱ्या वस्तूच्या मागे तारे किंचित् गोळा होतात आणि त्यांचे आकर्षण तिचा वेग मंदावते, असे त्याचे सार आहे. चंद्रशेखरांचा विषय तारकासमुदाय हा होता. परंतु दोन दीर्घिका अखेर एकरूप का होतात, ह्याचे स्पष्टीकरण पुढे ह्याच सिद्धांताच्या आधारे देण्यात आले.

ह्या पार्श्वभूमीवर १९५१ साली लायमन स्पिट्झर आणि वॉल्टर बाडे यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांच्यासमोर अरुंधती केश तारकासमूहातील दीर्घिकांचा दाट मेळावा होता. तेथे सर्पिल दीर्घिका अगदी थोड्या, आणि सर्पिल भुजा नसलेल्या, वायुहीन भिंगाकार दीर्घिका मात्र विपुल. असे का? दाट मेळाव्यात टकरी वारंवार होणार. तेथे दीर्घिकांचे परस्परसापेक्ष वेग सेकंदास हजार किलोमीटरहून अधिक. अशा वेगाने आदळलेला वायू अतितप्त होऊन दीर्घिकेबाहेर फेकला जाणार, आणि तारे मात्र फारसे विचलित न होता पुढे जाणार. वायू गेला की नव्या ताऱ्यांचा कच्चा माल गेला. अशा रीतीने टक्कर ही दीर्घिकेचे धन लुटून नेणारी घटना ठरली.

हा युक्तिवाद सुसंगत होता. त्यात दडलेली अट एकच होती, ती वेगाची. अरुंधती केशातील मेळाव्याला जे लागू, तेच सर्वत्र लागू, असे स्पिट्झर व बाडे यांनी म्हटले नव्हते. पण पुढील काही वर्षे टकरीचा विचार बहुधा ह्याच जलद टकरीच्या चित्राने झाला.

३

त्यानंतरच्या काळात टकरीच्या कल्पनेची प्रतिष्ठा काहीशी ढळली. १९५४ साली बाडे आणि रूडॉल्फ मिंकोव्स्की यांनी हंस तारकासमूहातील प्रबळ रेडिओ उगम म्हणजे आदळणाऱ्या दोन दीर्घिका होत, असे प्रतिपादन केले. ह्या उगमाच्या प्रचंड ऊर्जेचे हे स्पष्टीकरण टिकले नाही. सोव्हिएट ज्योतिर्विद व्हिक्टर अंबार्त्सुमियान यांनी तर उलट मत मांडले: जोडीने दिसणाऱ्या विस्कळित दीर्घिका एकत्र येत नसून एकाच गाभ्यातून फुटून दूर जात आहेत.

ह्याच सुमारास विस्कळित दीर्घिकांचा संग्रह मात्र वाढत होता. फ्रिट्झ झ्विकी यांनी दीर्घिकांना जोडणारे ताऱ्यांचे सेतू आणि बाहेर पसरलेली लांबच लांब पुच्छे ह्यांकडे लक्ष वेधले. १९५९ साली बोरिस व्होरोंत्सोव्ह-वेल्यामिनोव्ह यांचा परस्परक्रियाशील दीर्घिकांचा चित्रसंग्रह आणि १९६६ साली हाल्टन आर्प यांचा ३३८ विलक्षण दीर्घिकांचा चित्रसंग्रह प्रसिद्ध झाला. इतकी बारीक, लांब आणि वक्र पुच्छे केवळ गुरुत्वाकर्षणाने निर्माण होतील, ह्यावर कित्येकांचा विश्वास बसेना. भरतीने फुगवटा येतो, दोरा निघत नाही, असा त्यांचा आक्षेप होता.

ह्या आक्षेपाचे निराकरण १९७२ साली आलार आणि यूरी टूमरे ह्या एस्टोनियात जन्मलेल्या बंधूंनी केले. त्यांनी संगणकावर साध्या प्रतिकृती रचून दाखवून दिले की, भेट मंद असेल आणि तिची दिशा दीर्घिकेच्या परिभ्रमणाच्या दिशेशी जुळत असेल, तर गुरुत्वाकर्षणानेच बारीक पुच्छे व सेतू निर्माण होतात. सप्तर्षींतील मरीचीच्या जवळ दिसणारी भोवऱ्याच्या आकाराची दीर्घिका व तिची सोबतीण, तसेच एन. जी. सी. ४०३८ व ४०३९ ही जोडी, ह्यांची रूपे त्यांनी बऱ्याच अंशी जुळवून दाखविली. 'मंद' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. जलद भेटीत भरतीला काम करण्यास वेळच मिळत नाही. स्पिट्झर व बाडे यांच्या युक्तिवादातील न उच्चारलेली अट अशा रीतीने प्रथमच उघड झाली. निबंधाच्या शेवटी टूमरे बंधूंनी एक सूचक प्रश्नही उपस्थित केला: अशा भेटीच्या धक्क्याने बाहेरचा वायू एकाएकी दीर्घिकेच्या गाभ्याकडे ओढला जाऊन तेथे ताऱ्यांच्या निर्मितीला इंधन पुरवीत नसेल काय?

१९७८ साली रिचर्ड लार्सन आणि बीट्रिस टिन्सली यांनी ह्या प्रश्नाला रंगमापनाने उत्तर दिले. सर्वसामान्य दीर्घिकांचे रंग एका अरुंद पट्ट्यात बसतात. आर्प यांच्या संग्रहातील दीर्घिकांचे रंग मात्र फार विखुरलेले असतात. ताऱ्यांची निर्मिती संथपणे न होता अधूनमधून उसळून येते, असे मानले तरच हा विखुरलेपणा समजतो. काही उसळ्या अवघ्या दोन कोटी वर्षांच्या असाव्यात, असे त्यांचे गणित सांगत होते. दीर्घिकेच्या आयुष्यात दोन कोटी वर्षे हा क्षणच होय.

४

टकरीत तारे जन्मतात, एवढे ह्यावरून दिसले. परंतु तारकागुच्छांचा, विशेषतः गोलाकार तारकागुच्छांचा, प्रश्न वेगळा होता. बाडे यांनी १९४४ साली ताऱ्यांच्या दोन पिढ्यांचे वर्गीकरण केले, तेव्हा गोलाकार गुच्छ जुन्या पिढीत गेले. १९५२ साली ॲलन सँडेज आणि मार्टिन श्वार्झशिल्ड यांनी ताऱ्यांच्या उत्क्रांतीच्या गणितावरून गुच्छांचे वय काढण्याचा मार्ग दाखविला. आज आकाशगंगेतील दीडशेहून अधिक गोलाकार गुच्छ ज्ञात असून त्यांपैकी बहुतेकांचे वय एक हजार ते तेराशे कोटी वर्षांच्या दरम्यान आहे. त्यामुळे गोलाकार गुच्छ म्हणजे विश्वाच्या शैशवातील अवशेष, अशी समजूत दृढ झाली. आता तसे गुच्छ निर्माण होत नाहीत, हे कोणी सिद्ध केले नव्हते. ते गृहीत धरले गेले होते.

आश्चर्याची गोष्ट अशी की, ह्या समजुतीला छेद देणारा पुरावा त्याच १९५२ साली पुढे आला होता. गॅसकॉइन आणि क्रॉन यांना मॅगेलनी मेघांत गोलाकार गुच्छांसारखेच दिसणारे, परंतु निळे गुच्छ आढळले होते. निळा रंग हे तारुण्याचे लक्षण. तथापि मॅगेलनी मेघ ह्या लहान व अनियमित दीर्घिका. तेथील गोष्ट अपवादात्मक, असे म्हणून तो पुरावा बाजूला पडला. अपवाद म्हणून दूर ठेवलेली वस्तुस्थिती कालांतराने नियमाची साक्षीदार ठरते, असे इतिहासात अनेकदा घडते.

हा विषय पुन्हा ऐरणीवर आला तो एका आक्षेपामुळे. दोन सर्पिल दीर्घिका एकरूप होऊन विवृत्ताकार दीर्घिका बनते, असे मत आलार टूमरे यांनी १९७७ साली आग्रहाने मांडले होते. त्यावर सिडनी व्हॅन डेन बर्ग यांनी बिनतोड वाटणारी हरकत घेतली. विवृत्ताकार दीर्घिकांत तेजस्वितेच्या मानाने गोलाकार गुच्छांची संख्या सर्पिल दीर्घिकांपेक्षा बरीच अधिक असते. दोन सर्पिल दीर्घिकांचे गुच्छ एकत्र केले, तरी गुणोत्तर वाढणार कसे? १९८७ साली फ्राँस्वा श्वायझर यांनी ह्याला धीट उत्तर दिले: टकरीच्या वेळी नवे गोलाकार गुच्छ जन्मत असले पाहिजेत. १९९२ साली कीथ ॲशमन आणि स्टीफन झेफ यांनी हे मत अधिक काटेकोर केले. नवे गुच्छ जड मूलद्रव्यांनी समृद्ध वायूतून जन्मणार. तेव्हा विवृत्ताकार दीर्घिकेत जुने निळसर व नवे तांबूस असे गुच्छांचे दोन वर्ग दिसले पाहिजेत, असे भाकीत त्यांनी केले. आता निर्णय वेधांवर अवलंबून होता.

५

वेधांची पहिली साक्ष अवरक्त प्रारणाची होती. जानेवारी १९८३ मध्ये सोडलेल्या अवरक्त ज्योतिषशास्त्रीय उपग्रहाने सुमारे दहा महिन्यांत जवळजवळ सर्व आकाशाची पाहणी केली. काही दीर्घिका अवरक्त प्रारणात एक लक्ष कोटी सूर्यांहून अधिक तेजस्वी असल्याचे तीवरून आढळले. प्रकाशचित्रांत पाहिले असता त्यांपैकी जवळजवळ सर्व दीर्घिका टकरीच्या वा विलीनीकरणाच्या अवस्थेत दिसल्या. धुळीच्या पडद्याआड ताऱ्यांची प्रचंड निर्मिती चालू होती; परंतु ते तारे गुच्छांत जन्मत होते की विखुरलेले, हे त्या उपग्रहाला सांगता येण्यासारखे नव्हते. त्यासाठी सूक्ष्म भेद दाखविणारी दूरबीण हवी होती.

वातावरणाबाहेर अशी दूरबीण ठेवावी, हा विचार १९४६ साली सविस्तर मांडणारे लायमन स्पिट्झर हेच होत. टक्कर वंध्यत्व आणते, असे १९५१ साली सांगणाऱ्या शास्त्रज्ञाच्याच कल्पनेतून पुढे एप्रिल १९९० मध्ये हबल दूरबीण कक्षेत गेली, आणि तिनेच टकरीची दुसरी बाजू उघड केली. १९९२ साली ययाति तारकासमूहातील एन. जी. सी. १२७५ ह्या दीर्घिकेत तेजस्वी निळे सघन गुच्छ आढळले. १९९३ साली ब्रॅडली व्हिटमोर व त्यांचे सहकारी यांनी कुंभ राशीतील एन. जी. सी. ७२५२ ह्या विलीनीकरण जवळजवळ पूर्ण झालेल्या दीर्घिकेत असे सुमारे ४० गुच्छ नोंदविले. परंतु खरी कसोटी ठरली ती एन. जी. सी. ४०३८ व ४०३९ ही जोडी.

ज्याच्या नावाने आपल्याकडे हस्ताचा पाऊस ओळखला जातो, त्याच हस्त नक्षत्राच्या परिसरात ही जोडी आहे. विल्यम हर्शेल यांनी ती १७८५ साली नोंदविली. कीटकाच्या मिशांसारख्या दिसणाऱ्या दोन लांब पुच्छांवरून तिला स्पर्शिका दीर्घिका म्हणता येईल. २००७ साली तेथे दिसलेल्या अतिदीप्त नवताऱ्याच्या आधारे तिचे अंतर सुमारे सात कोटी प्रकाशवर्षे निघते. १९९५ साली व्हिटमोर व श्वायझर यांनी तेथे सातशेहून अधिक निळे बिंदुवत् पदार्थ मोजले. दूरबिणीच्या आरशातील दोषाचे परिमार्जन डिसेंबर १९९३ मध्ये झाले होते. त्यानंतरच्या वेधांवर आधारलेल्या १९९९ च्या निबंधात गुच्छांची संख्या ८०० ते ८,००० च्या दरम्यान ठरली. अंधुक पदार्थांपैकी सुटे तारे किती मानावेत, ह्यावर हा फरक अवलंबून आहे. गुच्छांची त्रिज्या १० ते १५ प्रकाशवर्षे, अर्थात् गोलाकार गुच्छांना शोभेल इतकी लहान. त्यांची वयेही बोलकी होती. एक कोटी वर्षांहून लहान गुच्छ दोन दीर्घिका जेथे एकमेकींवर आच्छादल्या आहेत त्या भागात, काही सुमारे दहा कोटी वर्षांचे, तर काही सुमारे पन्नास कोटी वर्षांचे. टकरीचे टप्पे जणू गुच्छांच्या थरांत नोंदले गेले होते. प्राचीन अवशेषांची निर्मिती आपल्या डोळ्यांसमोर चालू असल्याचे प्रथमच दिसले.

६

आता प्रश्न उरतो तो कार्यकारणाचा. मंद टकरीत वायू अडतो खरा. पण त्याचे तारकागुच्छ का व्हावेत? येथे मूळ विधानाचाच आणखी एक पदर उलगडावा लागतो. तारे जन्मतात ते रेणुरूप हायड्रोजनाच्या महामेघांत. परंतु हे मेघही सघन असून त्यांनी व्यापलेली जागा थोडी असते. म्हणजे ताऱ्यांप्रमाणेच तेही बहुतांशी एकमेकांना चुकवून जातात. मग टक्कर होते ती नेमकी कशाची? १९९२ साली बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या चंदा जोग आणि अमेरिकेतील फिलिप सॉलोमन यांनी ह्याचे सुंदर उत्तर दिले. खरी टक्कर होते ती सर्वत्र पसरलेल्या अणुरूप हायड्रोजनाच्या मेघांची. तो वायू आदळून तापतो, त्याचा दाब अनेक पटींनी वाढतो, आणि तो दाब आधीपासून असलेल्या महामेघांना चोहोबाजूंनी आवळतो. मेघाचा बाहेरचा थर आत दाबला जाऊन कोसळतो आणि तेथे तारे वेगाने निर्माण होतात. महामेघ स्वतः आदळत नाही. परंतु शेजाऱ्यांच्या टकरीचा दाब त्याला सोसावा लागतो.

दाबाचा हा मुद्दा गुच्छांच्या दृष्टीने निर्णायक आहे. कमी दाबाच्या मेघात थोडे तारे जन्मले की त्यांचे प्रारण व वारे उरलेला वायू उधळून देतात आणि तारे पांगतात. जास्त दाबाखाली मेघ इतका घट्ट आवळला जातो की, वायू उधळण्यापूर्वीच त्याच्या मोठ्या अंशाचे तारे होतात आणि ते परस्परांच्या गुरुत्वाने बांधलेले राहतात. ह्याच्या जोडीला दुसरी क्रिया चालू असते: दीर्घिकांच्या परस्पर ओढीने वायूचा कोनीय संवेग ताऱ्यांकडे जातो आणि वायू गाभ्याकडे घसरतो. टूमरे बंधूंच्या १९७२ च्या प्रश्नाचे उत्तर १९९० च्या दशकातील संगणकीय प्रतिकृतींनी असे होकारार्थी दिले.

२०१५ साली चिलीतील आल्मा ह्या मिलिमीटर-तरंग दूरबिणींच्या संचाने स्पर्शिका दीर्घिकांत एक असा मेघ दाखविला, की ज्याचे वस्तुमान पन्नास लक्ष सूर्यांहून अधिक आहे, पण ज्यात ताऱ्यांचा अद्याप मागमूस नाही. त्याच्यावरील बाह्य दाब सर्वसाधारण आंतरतारकीय दाबाच्या सुमारे दहा हजार पट असावा लागतो. जन्मापूर्वीचा गोलाकार गुच्छ असे त्याचे वर्णन करण्यास हरकत नाही.

७

असे असले तरी विजयघोष करताना संयम राखावयास हवा. पहिली मर्यादा टिकाऊपणाची आहे. जन्मलेला प्रत्येक गुच्छ प्रौढ होत नाही. स्पर्शिका दीर्घिकांतील गुच्छांची संख्या वयाबरोबर झपाट्याने घटते. बहुसंख्य गुच्छ बाल्यावस्थेतच विस्कटतात. तथापि सर्वच विस्कटतात असेही नाही. एन. जी. सी. ७२५२ मधील प्रमुख गुच्छ सुमारे पन्नास कोटी वर्षे टिकून आहेत. त्यांपैकी एकाचे वस्तुमान २००४ साली ताऱ्यांच्या वेगांवरून सुमारे आठ कोटी सूर्यांइतके निघाले. नरतुरंगातील ओमेगा ह्या आकाशगंगेतील सर्वांत मोठ्या गोलाकार गुच्छाच्या ते सुमारे वीसपट भरते.

दुसरी मर्यादा व्याप्तीची आहे. मोठ्या पाहणींत निकटच्या जोड्यांमधील ताऱ्यांच्या निर्मितीचा वेग सरासरीने थोड्याच पटींनी वाढलेला दिसतो. प्रचंड उसळ्या हा अपवाद होय. शिवाय २०२४ साली जेम्स वेब दूरबिणीच्या वेधांतून विश्वाच्या आरंभानंतर केवळ ४६ कोटी वर्षांनी अस्तित्वात असलेल्या एका लहान दीर्घिकेत पाच सघन गुच्छ आढळल्याचे प्रसिद्ध झाले. वायू पुरेसा दाटलेला असेल, तर दोन मोठ्या दीर्घिकांच्या टकरीवाचूनही असे गुच्छ घडू शकतात, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा आवश्यक अट दाबाची आहे. टक्कर हा तो दाब निर्माण करण्याचा एक मार्ग आहे.

आणि स्पिट्झर व बाडे यांचे काय? महाश्व तारकासमूहातील जी पाच दीर्घिकांची मंडळी एदुआर् स्तेफान यांनी १८७७ साली नोंदविली, तिच्यात एक दीर्घिका सेकंदास सुमारे हजार किलोमीटर वेगाने घुसत आहे. तेथे लक्षभर प्रकाशवर्षे लांबीची आघात-तरंगाची रेषा निर्माण झाली असून तीत क्ष-किरण सोडणारा तप्त वायू आहे. २००६ साली त्याच रेषेत रेणुरूप हायड्रोजनाचे प्रबळ प्रारण आढळले. पण एवढा कच्चा माल असूनही तेथे ताऱ्यांची निर्मिती मंदच आहे. हा वेध ज्या अवरक्त अवकाश-दूरबिणीने घेतला, तिला स्पिट्झर यांचेच नाव देण्यात आले होते. १९५१ चा निष्कर्ष खोटा ठरला नाही. त्याला त्याची मर्यादा सापडली. जलद टक्कर वायूला तापवून विखुरते, मंद टक्कर त्याला आवळून फळाला आणते.

ह्या विषयातील कोणत्याही अभ्यासकाने एकही टक्कर आरंभापासून अखेरपर्यंत पाहिलेली नाही, पाहणे शक्यही नाही. आपल्या हाती असतात त्या निरनिराळ्या दीर्घिकांच्या निरनिराळ्या क्षणांच्या प्रतिमा, आणि त्यांची क्रमवार मांडणी करण्याचे काम. ह्या बाबतीत ज्योतिर्विदाची स्थिती इतिहासकाराहून फारशी वेगळी नाही. दोघांनाही अवशेषांवरून घटना उभी करावी लागते, आणि दोघांनाही एकच धोका संभवतो: एका प्रकरणातून निघालेला निष्कर्ष त्याची अट विसरून सर्वत्र लागू करण्याचा. मॅगेलनी मेघांतील निळे गुच्छ अपवाद म्हणून चार दशके बाजूला राहिले, ते ह्याच विस्मरणामुळे. आपापल्या क्षेत्रात असे कोणते निळे गुच्छ आपण अपवादांच्या यादीत घालून ठेवले आहेत, हे प्रत्येक संशोधकाने अधूनमधून तपासून पाहावे.